कप्प्यांतली नावं, एका रांगेत

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं माझी जाऊ नेहमी म्हणते. तिच्या मते किस्से घडतात बँकेत, शाळेत, नाहीतर दवाखान्यात, म्हणजे जिथे माणसांची ये-जा असते. आमच्याकडे काय, चार टाळकी स्क्रीनकडे बघत बसलेली!

तिला काय सांगणार? उल्हासनगरात पडद्याच्या कापडाच्या एका दुकानावर आमचं ऑफिस आहे. मी बदलापूरहून, बेलवलीतून, स्कूटरने येते. दुपारी डबे उघडले की एक किस्सा निघतो, त्याला चिकटून दुसरा येतो, आणि भाजी संपली तरी तिसरा चालूच असतो. गंमत म्हणजे आमचे निम्मे किस्से एकाच कामावरून घडलेत. ते काम आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आमच्या भाषेत 'डिक्शनरी' म्हणजे शब्दकोश नव्हे. ते कप्प्यांचं कपाट समजा. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. कप्पा उघडला की आत यादी. कधीकधी त्या यादीत आणखी छोट्या याद्या, पुडीत पुडी बांधावी तशा. क्लायंटला मात्र शेवटी हवी असते एकच सरळ यादी, सगळी नावं एकाखाली एक. तर सगळे कप्पे, सगळ्या पुड्या उघडायच्या आणि आतलं एका रांगेत मांडायचं. याला आम्ही 'लिस्ट फ्लॅट करणं' म्हणतो.

बास, एवढंच. ऐकायला किरकोळ. पण यावरून आमच्याकडे काय काय झालंय, ऐकाच!

* * *

पहिला किस्सा प्रतीकच्या इंटरव्ह्यूचा. प्रतीक जाधव, राहणार अंबरनाथ. पांढराशुभ्र शर्ट, केस चापून बसवलेले, आणि चेहऱ्यावर असा आत्मविश्वास की इंटरव्ह्यू तोच आमचा घेतोय असं वाटावं.

त्या दिवशी आमचे मालक हरीश सेठपण येऊन बसले होते. सेठ सिंधी, जन्म उल्हासनगरचा, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. कोडमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण विकायला बसले की समोरच्याला न लागणारं सॉफ्टवेअरसुद्धा विकतात.

मी प्रतीकला विचारलं, "डिक्शनरी आहे. तिच्यात लिस्ट, लिस्टमध्ये आणखी लिस्ट. सगळ्याची एक लिस्ट करायची. कशी करशील?"

"किती आत आहे, मॅडम?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती आत जायचंय तेवढं सांगा. तेवढे लूप लावतो, एका थराला एक."

मी मुद्दाम म्हटलं, "ते माहीत नाही असं समज."

प्रतीकने खिशातून मोबाईल काढला. "मग क्लायंटचा नंबर द्या. विचारून घेतो!"

मला हसू आवरेना. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतंच! पण सेठ ताडकन उठून उभे राहिले. "मॅडम, इसको रख लो. बाकी सगळे गूगलला विचारतात. ये पहला लडका है जो कस्टमर को पूछता है!"

* * *

सेठना 'फ्लॅट' हा शब्द फार आवडला. त्यांनी त्याचं हिंदी करून टाकलं, "चपटा". मग जिथे जातील तिथे तेच. "आमचं सॉफ्टवेअर सगळं चपटा करून देतं!"

एकदा पापडाच्या कारखान्याच्या मालकीणबाई ऑफिसात आल्या. आमच्या इथल्याच. त्यांच्याकडे पापड लाटायला घरोघरच्या बायका, प्रत्येक गल्लीचा एक गट, गटात पुन्हा उडदाच्या वेगळ्या, तांदळाच्या वेगळ्या. बाईंना सगळ्यांची एकत्र यादी हवी होती. अगदी आमच्याच हातचं काम.

पण मी बोलायच्या आत सेठ सुरू. "भाभीजी, आप टेन्शन मत लो. कितना भी अंदर हो, कैसा भी हो, हमारी मॅडम सब चपटा कर देती है. एकदम पतला, एकदम सीधा!"

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पर्स मांडीवर नीट ठेवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"एका तासात किती किलो?"

* * *

प्रतीकचं पहिलं मोठं काम बदलापूरच्या एका क्लासचं होतं. बक्षीस समारंभ होता, मुलांची सर्टिफिकेटं छापायची होती. नववीच्या तीन बॅचेस, म्हणून नववीच्या कप्प्यात तीन याद्या. आठवीचंही तसंच. प्रतीकने लूप लावले, कप्पा उघडला, यादी उघडली, आतलं बाहेर काढलं. "झालं समजा, मॅडम!" हे त्याचं पेटंट वाक्य.

फक्त एक गोष्ट त्याने बघितली नव्हती. दहावीची बॅच एकच होती. त्यामुळे दहावीच्या कप्प्यात आणखी याद्या नव्हत्याच, थेट मुलांची नावं होती. प्रोग्रॅमला काय कळतंय? त्याला सांगितलं होतं उघड, त्याने नाव उघडलं. आणि नाव उघडलं की आत काय असतं? अक्षरं!

फाइल प्रेसमध्ये गेली. दुपारी प्रेसवाल्या काकांचा फोन.

"मॅडम, एक विचारायचं होतं. दहावीत पोरं जरा जास्तच आहेत का हो?"

"का? काय झालं?"

"नाही, सर्टिफिकेटचा गठ्ठा संपतच नाहीये. पहिलं निघालं 'क'. म्हटलं असेल, हल्ली लोक काहीही नावं ठेवतात. दुसऱ्यावर नुसता ठिपक्यांचा गोल आणि त्याला वेलांटी. आता ही वेलांटी मुलगा आहे की मुलगी? म्हणजे 'कुमार' छापू का 'कुमारी'?"

किशोर नावाच्या बिचाऱ्या मुलाचे सुटे भाग झाले होते!

प्रतीक स्कूटर घेऊन प्रेसकडे पळाला, तीही माझी. सर्टिफिकेटं रद्द करून नवी छापली आणि समारंभाला वेळेत पोचवली. आणि याच गडबडीत ऑफिसला एक माणूस आणखी घ्यायचं ठरलं.

* * *

ती स्नेहल. जांभूळ गावची. घरची भातशेती, घर आगरी, वडील बबनकाका गावात शब्दाला वजन असलेले. स्नेहल बोलायची कमी, पण बोलली की विषय संपला.

पहिल्याच दिवशी मी तिला किशोरची गोष्ट सांगितली आणि कोड दाखवला. तिने बघितलं आणि प्रतीककडे वळून म्हणाली, "आधी विचार ना त्याला, तू यादी आहेस की नाव? यादी असेल तर उघड. नाव असेल तर हात लावू नको."

"आणि यादीत परत यादी निघाली तर?"

"तर तिलाही तेच विचार."

"किती वेळा?"

"नाव लागेपर्यंत!"

प्रतीकने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. सेठ केबिनमधून ओरडले, "ये लडकी को भी रख लो!"

मी म्हटलं, "सेठ, तिला आपण कालच ठेवलंय."

* * *

प्रतीक असा सहजासहजी हार मानणारा नव्हता. त्याने याद्या जोडायची एक छोटीशी युक्ती शोधली. एका ओळीत काम. दिसायला देखणी, पण आतून भलतीच आळशी. प्रत्येक नवी यादी जोडताना ती आधीची सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून उतरवून काढायची. याद्या थोड्या असल्या तर कळतही नाही.

जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात त्याने ती लावली. आणि जीन्सचं काय असतं, रंग, रंगात साइझ, साइझमध्ये एकेका नगाचा नंबर. हा ढीग! बटण दाबलं आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. कटिंग मास्तर येऊन बघून गेले. शिलाईवाले जेवून आले. चक्र चालूच.

सेठचा फोन आला, "हँग है या सोच रहा है?"

प्रतीक म्हणाला, "सोच रहा है, सेठ."

कटिंग मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, स्क्रीनकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला नगावर ठेवा. हा महिन्याच्या पगारावरचा दिसतोय!"

* * *

खरवईच्या नव्या सोसायटीचा किस्सा लहान आहे, पण माझा लाडका.

उन्हाळ्यात तिथे टँकर यायचा आणि सोसायटीवाले फ्लॅटप्रमाणे पाणी सोडायचे. कोणाची पाळी कधी, याचा मेसेज आमचा प्रोग्रॅम पाठवायचा. विंग, विंगमध्ये मजले, मजल्यावर फ्लॅट, त्याची एक सरळ रांग. पाळी तळमजल्यापासून सुरू, वरची शेवटी. वर जाईपर्यंत पाण्याचा जोर गेलेला.

एका गृहस्थांचे तिथे तीन फ्लॅट, त्यामुळे मेसेजही तीन. ते वैतागले. "एकदाच पाठवा की!" प्रतीक म्हणाला, "झालं समजा!" आणि त्याने सगळी यादी अशा एका गोष्टीत टाकली की दुसऱ्यांदा आलेलं नाव आपोआप गळून पडतं. गळलं, अगदी बरोबर गळलं. पण त्या गोष्टीला क्रम लक्षात राहत नाही. ती पत्ते पिसावेत तशी नावं पिसून परत देते!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसचा फोन वाजत होता. तळमजला चिडलेला, पहिला मजला चिडलेला. सेक्रेटरी तर भाषा कुठली धरावी या विचारात असल्यासारखे मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून इंग्रजीत चिडत होते.

आणि मग एक फोन सगळ्यात वरच्या, सातव्या मजल्यावरच्या काकूंचा.

"तो काल मेसेज पाठवणारा मुलगा आहे का?"

प्रतीकने मान खाली घालून फोन घेतला. "बोला काकू. चूक झाली, आजच दुरुस्त करतो."

"खबरदार दुरुस्त केलंस तर! या बिल्डिंगीत पहिल्यांदा कोणीतरी वरून मोजलंय!"

* * *

हा पुढचा किस्सा सांगताना मी जरा सावकाश सांगते. तो हसायचा नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीतला एक केमिकलचा कारखाना. तिथे भोंगा वाजला की सगळ्यांनी काम टाकून गेटजवळच्या मोकळ्या जागेत जमायचं, आणि सेफ्टी ऑफिसर गावडे साहेबांनी टॅबवर बघून एकेकाचं नाव घ्यायचं. जो हजर नाही तो आत अडकलाय. ती नावांची यादी आमचा प्रोग्रॅम काढणार होता, गेटवर आत गेलेल्यांच्या नोंदीवरून. खाते, खात्यात शिफ्ट, शिफ्टमध्ये ठेकेदाराच्या टोळ्या, टोळीत माणसं.

प्रतीक म्हणाला, "तीन लूप पुरे. मी स्वतः कारखान्यात विचारून आलोय."

स्नेहल म्हणाली, "आज तीन आहेत. उद्या कोणी आणखी एक टोळी आत घातली तर?"

"उद्याचं उद्या."

"भोंगा वाजल्यावर?"

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी मी निर्णय दिला, स्नेहलचा कोड जाईल. नाव लागेपर्यंत उघडत जाणारा. प्रतीकला राग आला, पण बसवायला तोच तिच्याबरोबर गेला, दर वेळी.

एकदा असेच दोघं तिथे काही किरकोळ कामासाठी गेले असताना भोंगा वाजला. आधी वाटलं, सराव असेल. पण गावडे साहेब धावत बाहेर आले आणि त्यांचा चेहरा सरावाचा नव्हता. मागच्या बाजूला गॅसचा वास सुटला होता. सगळी माणसं बाहेर. हे दोघंही त्यांच्यात उभे.

साहेब नावं घ्यायला लागले. "हजर." "हजर साहेब." "हजर." यादी शेवटाकडे आली.

"सुरेश मोरे."

कोणी बोलेना.

"सुरेश मोरे!"

ठेकेदार पुढे आला. "साहेब, माझ्याकडे या नावाचं कोणी नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "माझ्याकडचा आहे." तो पोटठेकेदार. ठेकेदाराने त्याला त्याच आठवड्यात आणलेलं, टोळीच्या आत आणखी एक टोळी. "पण साहेब, तो आज आला नसेल बहुतेक. सकाळपासून दिसला नाही."

गावडे साहेब म्हणाले, "यादीत आहे. म्हणजे गेटमधून आत गेलाय." आणि त्यांनी दोन माणसांना मास्क चढवायला लावले.

स्नेहलने मला नंतर सांगितलं, ती माणसं आत गेली आणि परत येईपर्यंत प्रतीकने तिचा हात धरून ठेवला होता. त्याला ते माहीतही नव्हतं.

सुरेश मोरे टाकीच्या मागे भिंतीला टेकून बसलेला सापडला. चक्कर आलेली, उठता येत नव्हतं. त्याला उचलून आणलं, ऑक्सिजन लावला, दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो घरी होता.

प्रतीक ऑफिसात आला, बॅग ठेवली आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला. "मॅडम, माझ्या कोडमध्ये तो आलाच नसता. त्याची सगळी टोळी न उघडलेल्या पुडीसारखी एका कंसात बांधलेली राहिली असती. साहेबांनी ती ओळ सोडून दिली असती." मग वळला आणि स्नेहलला म्हणाला, "थँक यू." नुसतं एवढंच. 'झालं समजा' नाही की काही नाही.

काही दिवसांनी कारखान्यात सुरेश स्वतः स्नेहलला शोधत आला. विशीतला मुलगा, टोपी हातात.

"ताई, त्या दिवशी माझं नाव तुम्ही घेतलंत?"

"मी नाही. गावडे साहेबांनी घेतलं."

त्याने हातातली टोपी फिरवली.

"पण साहेबांना तर माझं नाव माहीतच नाही!"

* * *

त्यानंतर प्रतीक आणि स्नेहलची भांडणं कमी झाली. चहा मात्र वाढला. मला काही दिसत नव्हतं असं नाही, पण मी कशाला बोलू?

एक दिवस दोघांचे रजेचे अर्ज एकाच वेळी सेठच्या टेबलावर. तारखा त्याच. कारण: 'घरगुती'. दोघांचंही 'घरगुती'! दोघं केबिनबाहेर, एकमेकांना ओळखत नसल्यासारखी उभी.

सेठनी दोन्ही अर्ज समोर धरले. एकदा हा बघितला, एकदा तो. मग मला हाक मारली.

"मॅडम, तुम लोग दिनभर ये क्या करते हो? सब लिस्ट एक करते हो ना?"

"हो, सेठ."

"फिर ये दो अलग क्यों हैं?" आणि टाचणी घेऊन त्यांनी दोन्ही अर्ज एकत्र टोचले. "साईं, मर्ज कर दो! मिठाई मैं लाऊंगा!"

* * *

सेठचं मर्ज सोपं होतं. घरचं नव्हतं.

प्रतीकचं घर बौद्ध. स्नेहलचं घर आगरी, आणि गाव लहान. बबनकाकांनी एकच वाक्य उच्चारलं, "मी या विषयावर बोलणार नाय." आणि खरंच बोलले नाहीत. आठवडे गेले. स्नेहल रोज कामावर यायची, काम चोख करायची. एकदाच डबा खाता खाता म्हणाली, "मॅडम, बाबा माझ्या हातची भाकरी खातात, पण माझ्याकडे बघत नाहीत." आणि पुन्हा जेवायला लागली. मी तिला माझी भाजी वाढली.

शेवटी दोघांनी रजिस्टर लग्न केलं. स्नेहलची आई सहीला आली, काका आले नाहीत. मग आईनेच घरात काय चक्रं फिरवली माहीत नाही, पण काका जेवणाला यायला तयार झाले. अटी घालून. "धा मिन्टं येईन. आमची मानसं येगली बसतील, त्यांची येगली. आनि बंडूला माझ्या नजरेसमोर बसवायचा नाय."

बंडू म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ. बांधावरून वाजलेलं. दोघं एका आळीत राहतात आणि कैक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

काकांनी पाहुण्यांची नावं कळवली ती अशी: घरचे, भावकी, मामाकडचे, गावकी. भावकीत पुन्हा दोन तट, आणि बंडूकाकांचा तट अगदी टोकाला. प्रतीकच्या घरूनही तसंच, आईकडचे, वडिलांकडचे, कॉलनीतले. स्नेहलने सगळं इमानदारीत कप्प्याकप्प्याने टाइप केलं.

हॉल बदलापूरला. त्या हॉलवाल्याकडे आमचाच प्रोग्रॅम. गोल टेबलं, वाढपी येऊन वाढणार, दारात प्रत्येकाला टेबल नंबरची चिठ्ठी. चिठ्ठ्या द्यायला मी बसले होते. पहिल्याच दोन चिठ्ठ्या बघितल्या आणि घाईघाईने बाकीच्या चाळल्या. कप्पे गायब. सगळी नावं एका रांगेत, अ पासून ह पर्यंत, आणि तशीच टेबलांवर बसवलेली!

मी नवरीला बाजूला घेतलं. "स्नेहल, अगं हे काय? बाबांनी काय सांगितलं होतं?"

तिने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "त्यांनी नावं दिली, मॅडम. मी नावं घेतली."

आणि गेली स्टेजवर!

बबनकाका आले. धोतर, कोट, टोपी, चेहरा बंद. मी चिठ्ठी दिली. सात नंबर. ते जाऊन बसले आणि मी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं. अर्थात बघितलंच.

त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची बंडूकाकांची. उजव्या हाताची प्रतीकच्या वडिलांची, बळीराम जाधवांची. बंडू, बबन, बळीराम. बाराखडीला कोण काय बोलणार?

काका अर्धे उठले. पण तेवढ्यात पान वाढलं गेलं, आणि वाढलेल्या पानावरून उठणं त्यांच्या रक्तात नाही. परत बसले. समोरच्या फुलांच्या माळेकडे बघत खायला लागले.

बळीरामकाकांना या दोन भावांचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, व्याही लाजाळू आहेत. म्हणून ते पलीकडच्या बंडूकाकांशी बोलायला लागले, बबनकाकांच्या पुढून वाकून. "या वर्षी वाल कसा झालाय तुमच्याकडे?" बंडूकाका खुलले. वालावरून भातावर, भातावरून लहानपणावर. मध्ये बबनकाका, भिंतीसारखे.

"आमचा दादूस ना," बंडूकाका सांगायला लागले, "लय धीट होता. एकदा जांभलाच्या झाडावर चढला, फांदी मोडली, खाली पडला तो थेट म्हशीवर! म्हैस गेली पलत, दादूस वरती, सगला गाव मागं!"

बळीरामकाका हसायला लागले. पोट धरून. तेवढ्यात मधल्या भिंतीतून आवाज आला.

"जांभलाचा नाय, चिचंचा झाड होता त्यो."

बंडूकाकांचा घास हातातच राहिला.

"जांभलाचाच होता," ते हळूच म्हणाले.

"चिचंचा! तू खाली उभा होतास, तुला काय दिसनार? पडलो मी!" आणि बबनकाका उजवीकडे वळले. "तुमीच सांगा जाधवसाहेब, पडनाऱ्याला झाड कलनार का बघनाऱ्याला?"

बळीरामकाकांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि न्यायाधीशासारखा विचार केला. "मला वाटतं, म्हशीला विचारायला पाहिजे होतं."

बबनकाकांचे खांदे हसून हलायला लागले. स्टेजवर स्नेहलने प्रतीकचं मनगट घट्ट पकडलं, तेही मला दिसलं.

दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. बासुंदी दोनदा झाली. फोटोग्राफर माइकवर ओरडायला लागला, "मुलीकडचे, फॅमिली फोटोला या! मुलीकडचे!" स्नेहलची आई गेली, मामा गेले, भावकी गेली. सात नंबरवरून कोणी हललं नाही. झाडाचा निकाल अजून लागायचा होता. स्नेहल स्टेजवरून बघत राहिली. फोटो काढला गेला, वडिलांशिवाय.

मग पुकारा झाला, "आता मुलाकडचे! मुलाकडचे या!"

बळीरामकाका उठले. त्यांच्या मागोमाग बबनकाका उठले. त्यांच्या मागे बंडूकाका. तिघे वाद घालत घालतच पायऱ्या चढले आणि स्नेहलच्या बाजूला जाऊन उभे राहिले. स्नेहलने वाकून वडिलांचे पाय धरले. काकांनी तिला खांद्याला धरून उभं केलं आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

फोटोग्राफर गोंधळला. त्याने कॅमेरा खाली घेतला.

"काका, मुलाकडचे बोलावलेत. तुम्ही कोणाकडचे?"

बबनकाकांनी टोपी सारखी केली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आमी तिघं सात नंबर टेबलाचे. काढ फोटो!"